अपडेट उलटवायचं झालं तर ॲप्ट किती कामाला येतं : देवगडच्या आंबा शेडमधून रिव्ह्यू

एप्रिलचा दुसरा आठवडा होता, शेडमध्ये सकाळची तोड येऊन पडलेली, संध्याकाळी सहाला वाशीचा टेम्पो निघणार, आणि दुपारी दीडला लेबल प्रिंटरमधून कोरी लेबलं बाहेर यायला लागली. म्हणजे रोल सरकतोय, मशीनचा आवाज येतोय, पण छापलेलं काहीच नाही. आधी वाटलं रोल उलटा लागला, थर्मल कागदावर एकाच बाजूने छापलं जातं ना, म्हणून काढून परत लावला, केबल बदलली, प्रिंटर बंद करून चालू केला, शेवटी तोच प्रिंटर शेजारच्या शेडमधल्या विंडोजच्या लॅपटॉपला जोडला तर तिथे मस्त काळंभोर छापतोय. तेव्हा कळलं की घोळ आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि मग आठवलं की आदल्या रात्री अपडेटची खिडकी वर आली होती आणि भाच्याने हो म्हणून टाकलं होतं.

काका पेटीत गवत घालत होते, तिथूनच म्हणाले, "काल सांजेपर्यंत बरा चालत होता मां? मगे कालचाच परत घाल."

बस, डाउनग्रेड म्हणजे एवढंच. कालचंच परत घालायचं. आता हे उबुंटू लिनक्सवर कितपत सोपं आहे, ॲप्ट, म्हणजे तिथला पॅकेज मॅनेजर, सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम, त्यात कुठे साथ देतं आणि कुठे हात वर करतं, आणि बाकीच्या लिनक्सवाल्यांकडे यापेक्षा बरी सोय आहे का, त्याचा हा रिव्ह्यू. नवीन सॉफ्टवेअर कसं टाकायचं हे सांगणारे हवे तेवढे व्हिडिओ मिळतात, मागे कसं यायचं ते फार थोडे लोक नीट सांगतात, आणि मी तरी आता कुठलाही पॅकेज मॅनेजर त्यावरूनच जोखतो.

आधी आमचा सेटअप सांगतो. जुना डेस्कटॉप, चार जीबी रॅम, साधी फिरती हार्ड डिस्क, त्यावर उबुंटू २४.०४. ही एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे, एप्रिल २०२४ ला आली आणि पाच वर्षं नेहमीचे अपडेट मिळतात, म्हणून हीच घेतली. कामं म्हणाल तर लेबलं, बिलं, कुठल्या बागायतदाराच्या किती पेट्या गेल्या त्याचा हिशोब. नेट मोबाईलचं. शेड उतारावर माडांच्या मधे आहे त्यामुळे खाली एखादी दांडी मिळाली तर मिळाली, धड रेंज पाहिजे तर सड्यावर जावं लागतं, आणि दुपारच्या उन्हात एप्रिलमधला कातळ म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे माझं जे काही मत बनलंय ते बरंचसं या रेंजमुळे बनलंय. शहरात फायबर असलेल्या माणसाचा रिव्ह्यू कदाचित वेगळा येईल.

पहिलं काम, नक्की काय बदललं ते शोधणं. इथे ॲप्टला मी पैकीच्या पैकी मार्क देतो. सिस्टमच्या व्हार फोल्डरमध्ये लॉग, त्यात ॲप्ट, त्यात हिस्टरी नावाची साधी टेक्स्ट फाईल असते, आणि त्यात प्रत्येक वेळी किती वाजता सुरू झालं, कुठली कमांड चालली, कुठलं पॅकेज कुठल्या व्हर्जनवरून कुठल्या व्हर्जनवर गेलं हे सगळं लिहिलेलं असतं. जुनं व्हर्जन, स्वल्पविराम, नवीन व्हर्जन, अशी जोडी. आदल्या रात्री पन्नासच्या वर पॅकेजं बदलली होती, पण वाचत गेलो तर त्यात छपाईशी संबंध असलेली तीनच होती, आणि तिन्ही एकाच घरची, म्हणजे एक मुख्य आणि दोन त्याच्या लायब्ररी, त्याला लागणारे सोबतचे तुकडे. यात इंटरनेट लागलं नाही, कोणाला फोन करावा लागला नाही. घाबरलेल्या माणसाला पहिली गोष्ट हीच पाहिजे असते की बाबा रे काल रात्री नक्की काय झालं ते सांग, आणि ॲप्ट ते चोख सांगतं.

मग दुसरी कमांड, ॲप्ट पॉलिसी आणि पुढे पॅकेजचं नाव. यात आत्ता बसलेलं व्हर्जन, ॲप्टला बसवावंसं वाटणारं व्हर्जन, आणि खाली मिळू शकणाऱ्या सगळ्या व्हर्जनचा तक्ता येतो, बसलेल्याच्या समोर तीन चांदण्या. इथे माझी पहिली निराशा झाली. मला पाहिजे होतं कालचं व्हर्जन, आणि तक्त्यात दोनच दिसत होती, एक आजचं बिघडलेलं आणि एक फार जुनं, २४.०४ बाजारात आली त्या दिवसाचं. कालचं मधलं व्हर्जन गायब.

असं का होतं ते नंतर नीट समजून घेतलं. उबुंटूच्या रिपॉझिटरीत, म्हणजे जिथून पॅकेजं उतरतात त्या नेटवरच्या कोठारात, कप्पे असतात. २४.०४ चं टोपणनाव नोबल, तर नोबल नावाच्या कप्प्यात रिलीजच्या दिवशी जे होतं ते तसंच गोठवून ठेवलेलं असतं, ते बदलत नाही. नंतर येणाऱ्या दुरुस्त्या नोबल-अपडेट्स आणि नोबल-सिक्युरिटी या कप्प्यांत जातात, आणि तिथे नवीन आलं की आधीचं यादीतून निघून जातं. त्यामुळे पहिलं आणि शेवटचं हाताशी, मधली सगळी लांब. मधली कायमची गेलेली नसतात. लाँचपॅड या उबुंटूच्या साइटवर त्या पॅकेजच्या पानावर जाऊन जुनी डेब फाईल, म्हणजे पॅकेजची फाईल, शोधून उतरवता येते, आणि उबुंटूने स्नॅपशॉट सर्व्हिसही चालू केलीये, मार्च २०२३ पासून पुढच्या कुठल्याही दिवशी रिपॉझिटरी जशी होती तशी तिथून मागता येते. २४.०४ मधल्या ॲप्टला तर थेट स्नॅपशॉटचा पर्याय देऊन तारीख-वेळ सांगता येते. फक्त ती वेळ आपली भारतीय धरत नाहीत, साडेपाच तास मागची यूटीसी धरतात, तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असेल तर तारखेचा घोळ होतो. पण हे सगळं नेट असताना. मला त्या दिवशी एवढं माहीतही नव्हतं आणि वेळही नव्हता, म्हणून मी नोबलमधलं जुनंच घ्यायचं ठरवलं. गोठवलेल्या कप्प्यातलं असलं तरी आमच्या प्रिंटरला पुरेसं होतं.

कमांड सोपी आहे. ॲप्ट इन्स्टॉल, मग पॅकेजचं नाव, मग मधे जागा न सोडता बरोबरचं चिन्ह, आणि पॉलिसीच्या तक्त्यातून जसंच्या तसं उचललेलं व्हर्जन. व्हर्जन हाताने टाईप करायला जाऊ नका, त्यात डॅश, टिंब, मधेच उबुंटू असा शब्द, पुढे आणखी आकडे असं सगळं असतं, कॉपी पेस्टच करा. मी एकट्या मुख्य पॅकेजचं नाव दिलं आणि ॲप्टने नकार दिला, पॅकेज मोडलेली आहेत, ती होल्ड केलेली आहेत असलं काहीतरी. मी तर काहीच होल्ड केलं नव्हतं! हा जो मेसेज आहे ना तो ॲप्टची सगळ्यात वाईट गोष्ट. खरं कारण साधं होतं, की मुख्य पॅकेजला त्याच्या लायब्ररीचं अगदी तेच व्हर्जन लागत होतं, एक आकडाही इकडे तिकडे चालत नव्हता, आणि लायब्ररी अजून नव्या व्हर्जनवर बसलेल्या. ॲप्ट वर जाताना सोबतच्यांना आपणहून घेऊन जातं, खाली येताना मात्र ज्याचं नाव घ्याल तेवढ्यालाच आणायला बघतं. मग मी तिन्हींची नावं एकाच ओळीत दिली, प्रत्येकाला आपापलं बरोबरचं चिन्ह आणि व्हर्जन, आणि लगेच पुढे गेलं. नंतर कळलं की बरोबरच्या चिन्हाऐवजी तिरकी रेघ देऊन पुढे नोबल लिहिलं असतं तर लागणाऱ्या लायब्ररीही त्याच कप्प्यातून ॲप्टने स्वतः घेतल्या असत्या. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, आणि ज्याला पहिल्यांदा डाउनग्रेड करायचंय त्याने आधी हीच पद्धत वापरून बघावी असं मी म्हणेन.

यानंतर स्क्रीनवर काय येतं ते शांतपणे वाचायला लागतं. ॲप्ट स्पष्ट सांगतं की खालील पॅकेजं डाउनग्रेड होणार, आणि काही काढून टाकायची असतील तर ती यादी वेगळी दाखवतं. डाउनग्रेडच्या यादीपेक्षा काढून टाकायची यादी महत्त्वाची. तिथे शून्य असेल तर बिनधास्त हो म्हणा. तिथे वीस-पंचवीस नावं दिसली, आणि त्यात डेस्कटॉपचं नाव दिसलं, तर नाही म्हणून बाहेर या, कारण ॲप्ट तुमची आज्ञा पाळण्यासाठी अर्धं घर रिकामं करायलाही तयार असतं. शंका असेल तर कमांडला डॅश एस लावा, मग ते खरं काही न करता नुसतं करून दाखवतं. आणि डॅश वाय, म्हणजे सगळ्याला आपोआप हो, कधी लावू नका. तसं लावलं तर डाउनग्रेडला वेगळी परवानगी मागून ॲप्ट थांबतं, आणि हे थांबणं मला फार आवडलं, कोणीतरी विचार करून ठेवलंय ते.

माझ्याकडे काढायची यादी रिकामी होती. फाईली छोट्या होत्या, तरी खाली शेडमध्ये उतरेनात. जोडलेल्या मोबाईलवर टक्केवारी हलेचना. मग भाच्याला सड्यावर पाठवला, पॉलिसीतली नावं-व्हर्जन व्हॉट्सॲपवर दिली, त्याने तिथे मोबाईलवर डेब फाईली उतरवून आणल्या, आणि मी त्या केबलने कॉम्प्युटरवर घेतल्या. फाईल हातात असेल तर ॲप्ट इन्स्टॉल म्हणून पुढे टिंब, तिरकी रेघ आणि फाईलचं नाव द्यायचं, टिंब-रेघ विसरलात तर ॲप्ट ते पॅकेजचं नाव समजून आपल्या यादीत शोधायला जातं. डीपीकेजी या ॲप्टच्या खालच्या साधनानेही होतं, ते फक्त एक इशारा छापतं की अमक्यावरून तमक्यावर खाली नेतोय, आणि नेतं. पण डीपीकेजी काही कमी पडलं तर आणून देत नाही, म्हणून शक्यतो ॲप्टच.

लेबल छापलं. तीन वाजायला दहा मिनिटं होती. काकांनी पेटीवर चिकटवलं आणि पुढची पेटी ओढली.

त्याच वेळी एक गोष्ट न विसरता केली म्हणून सांगतो, ॲप्ट-मार्क होल्ड. ती केली नाही तर पुढच्या अपडेटला तेच बिघडलेलं व्हर्जन परत येऊन बसणार, ॲप्टच्या दृष्टीने जास्त आकडा तो चांगला. होल्ड केलं की त्या पॅकेजला हात लावत नाही, आणि शो-होल्ड म्हटलं की कोणाकोणाला थांबवलंय ते दाखवतं. आम्ही तिन्ही होल्ड केली. एकच केलं असतं तर लायब्ररी वर गेल्या नसत्या तरी विनाकारण ओढाताण झाली असती.

होल्डबद्दल माझी तक्रारही आहे. त्याला तारीख नाही, कारण लिहायची जागा नाही. सहा महिन्यांनी बघणाऱ्याला कळणारच नाही की हे का थांबवलं होतं, आणि तोपर्यंत त्या पॅकेजची सुरक्षेची दुरुस्ती आली असेल तर तीही थांबलेली असणार. मी तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधरा जूनच्या चौकोनात लिहून ठेवलं, प्रिंटर होल्ड काढायचा. हे काम खरं तर सॉफ्टवेअरचं आहे. फायलीतून करायचं असेल तर पिनिंग आहे, प्रेफरन्सेस-डी नावाच्या फोल्डरमध्ये तीन ओळींची फाईल टाकायची, पॅकेज कुठलं, व्हर्जन कुठलं, प्राधान्याचा आकडा किती. त्यात निदान वर टिप्पणी लिहून ठेवता येते. नेहमीच्या रिपॉझिटरीचा आकडा पाचशे असतो, आणि हजार किंवा त्यावर दिला की ॲप्ट डाउनग्रेड करून का होईना तेच व्हर्जन बसवतं. म्हणूनच या आकड्याला जपा. पॅकेजच्या जागी नुसती चांदणी टाकून हजार एक लिहिलंत तर पुढच्या वेळी अख्खी सिस्टम खाली यायला निघेल. एकदोन पॅकेजसाठी होल्ड पुरे, पिनिंगच्या मागे लागू नका.

आता माझा ॲप्टवरचा खरा राग. त्या दिवशी कालच्या व्हर्जनची डेब फाईल माझ्याच डिस्कवर असायला हवी होती. महिन्यापूर्वी मीच ती उतरवून बसवली होती ना! ॲप्टचा कॅश फोल्डर असतो, व्हारमध्ये कॅश, त्यात ॲप्ट, त्यात अर्काइव्ह्ज, आणि पूर्वी ॲप्ट-गेट वापरायचो तेव्हा सगळ्या फाईली तिथे साठून राहायच्या. आताची नुसती ॲप्ट ही कमांड काम झालं की उतरवलेल्या फाईली पुसून टाकते, तसं ठरवूनच ठेवलंय. डिस्कची जागा वाचते हे खरं, पण जिथे एकेक एमबीसाठी माणूस टेकडी चढतो तिथे ही बचत परवडत नाही. आणि त्याहून वाईट ऑटोक्लीन. क्लीन सगळं पुसतं ते ठीक, नावातच आहे. ऑटोक्लीन फक्त त्याच फाईली पुसतं ज्या आता रिपॉझिटरीतून परत मिळणार नाहीत. विचार करा, ज्या परत मिळणार नाहीत त्याच तर सांभाळायला हव्यात! डाउनग्रेड करणाऱ्यासाठी याहून उलटी गोष्ट नाही.

आमच्याकडे पावसाळ्याआधी आगोट भरतात, तांदूळ, सुकी मासळी, मसाला, कोकम, लाकडं, सगळं मे महिन्यात घरात येतं कारण एकदा पाऊस लागला की बाजाराचा भरवसा नाही. मी आता पॅकेजांची तशीच आगोट भरतो. ॲप्टच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये एक ओळ टाकली की उतरवलेली पॅकेजं ठेव, ती किप-डाउनलोडेड-पॅकेजेस नावाची सेटिंग आहे, ट्रू करायची. ज्यांना सेटिंगमध्ये हात घालायचा नाही त्यांनी अपग्रेडला ॲप्टऐवजी ॲप्ट-गेट वापरा, तेवढ्यानेही फाईली राहतात. आणि दर अपडेटनंतर तो फोल्डर पेन ड्राईव्हवर कॉपी. आता मधलं व्हर्जनही माझ्याकडे असतं, मग नेट असो नसो.

टर्मिनलची भीती वाटणाऱ्यांसाठी सिनॅप्टिक आहे, दिसायला जुनाट पण गुणाचं. पॅकेजवर क्लिक करायचं, वरच्या पॅकेज मेन्यूत फोर्स व्हर्जन, मिळणाऱ्या व्हर्जनची यादी येते, निवडायचं, अप्लाय करायचं. त्याच मेन्यूत लॉक व्हर्जनही आहे, आणि आधी काय काय केलं त्याची हिस्टरी फाईल मेन्यूत. माझ्या मते शेडवर, दुकानात, शाळेत जिथे रोज वापरणारा माणूस वेगळा आणि दुरुस्त करणारा वेगळा, तिथे सिनॅप्टिक टाकून ठेवाच. फोनवरून सांगताना कमांडपेक्षा 'तिसऱ्या मेन्यूत जा' हे सांगणं कितीतरी सोपं पडतं.

बाकीच्यांचंही थोडं. मावसभाऊ रत्नागिरीला असतो, त्याच्याकडे फेडोरा. त्याच्याकडचं डीएनएफ, म्हणजे फेडोराचा पॅकेज मॅनेजर, बघून मला खरंच हेवा वाटला. प्रत्येक व्यवहाराला नंबर असतो, डीएनएफ हिस्टरी म्हटलं की यादी, आणि हिस्टरी अनडू म्हणून नंबर दिला की तो अख्खा व्यवहार उलटवायला बघतं, सोबत आलेल्या लायब्ररीसकट. एकटं पॅकेज खाली आणायचं तर सरळ डाउनग्रेड नावाची कमांडच आहे. म्हणजे मागे येणं हे कधीतरी लागणारं काम आहे हे त्यांनी गृहीत धरलंय. रोलबॅक म्हटलं तर एखाद्या जुन्या नंबरापर्यंत मागे. पण रिपॉझिटरीचा प्रश्न तिथेही आमच्यासारखाच, रिलीजच्या दिवसाचं मिळतं, अपडेट्समधलं शेवटचं मिळतं, मधलं पाहिजे तर त्यांच्या कोजी नावाच्या बिल्ड सर्व्हरवर शोधा. त्यामुळे अनडू कधीकधी पॅकेज सापडत नाही म्हणून अडतं. तरी डिझाईनला मी साडेचार देईन.

कुडाळला इंजिनिअरिंग करणारा एक पोरगा आहे, त्याचं आर्च लिनक्स. तिथल्या पॅकमॅन या पॅकेज मॅनेजरची एक गोष्ट मला मनापासून पटली, ते उतरवलेली पॅकेजं आपणहून पुसत नाही, सगळी कॅशमध्ये राहतात, डॅश यू देऊन जुनी फाईल दाखवली की काम झालं, नेट नको. होल्डसाठी कॉन्फिगमध्ये इग्नोर-पॅकेजची ओळ. शिवाय आर्चचं जुन्या पॅकेजांचं अर्काइव्ह आहे, तारखेप्रमाणे लावलेलं. मात्र आर्चमध्ये अर्धं जुनं अर्धं नवं ठेवणं त्यांना मान्य नाही, सगळं पुढे नाहीतर काहीच नाही, त्यामुळे तिथे खाली आणलेलं पॅकेज फार दिवस ठेवणं धोक्याचं. सीझनमध्ये धंद्याच्या मशीनवर मी आर्च ठेवणार नाही, हे त्या पोरालाही सांगितलंय आणि त्यालाही पटलंय. ओपनसुसेचं मी स्वतः वापरलेलं नाही, तिथे बीटीआरएफएस या फाईल सिस्टमवर स्नॅपर नावाचा प्रोग्रॅम आपोआप अपडेटआधीचे आणि नंतरचे स्नॅपशॉट घेतो आणि बूट मेन्यूतून जुन्यात जाता येतं, ही कल्पना उत्तमच आहे.

स्नॅप ही उबुंटूची पॅकेजांची दुसरी पद्धत, तिचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, पण मागे येण्यात स्नॅप सगळ्यात सुटसुटीत. स्नॅप रिव्हर्ट आणि नाव, बस. आधीची आवृत्ती डिस्कवरच असते त्यामुळे काही उतरवावं लागत नाही, आणि त्या आवृत्तीसोबतचा डेटाही मागे जातो. आमच्याकडे रेंज नसते म्हणून मला हे जास्तच भावलं. फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या पद्धतीत कमिटचा, म्हणजे त्या आवृत्तीचा, लांबलचक नंबर शोधून द्यावा लागतो आणि ते परत उतरवतं, जमतं पण हाताला सोपं नाही.

आता एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. डाउनग्रेड झालं म्हणजे सगळं कालच्यासारखं झालं असं नसतं. उबुंटू ज्यावरून बनते ते डेबियनवाले डाउनग्रेडची हमी देत नाहीत, आणि त्याला कारण आहे. प्रत्येक पॅकेजसोबत बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट असतात, त्या जुन्याकडून नव्याकडे जाण्यासाठी लिहिलेल्या असतात. नव्याने सेटिंगच्या फाईलीचा साचा बदलला असेल तर जुन्याला तो वाचता येईलच असं नाही, आणि परत पहिल्यासारखा करून देणारं कोणी नसतं. प्रोग्रॅम मागे गेला तरी तुमचा डेटा पुढेच राहतो. फायरफॉक्सचं उदाहरण घ्या, २०१९ च्या ६७ व्हर्जनपासून नव्या व्हर्जनने वापरलेलं प्रोफाईल जुन्या व्हर्जनमध्ये उघडायला गेलात तर ते अडवतं आणि नवीन प्रोफाईल करा म्हणतं. डेटाबेसचं तर अजून अवघड, मायएसक्यूएल आठवरून पाच पॉइंट सातवर सरळ उतरता येतच नाही, आधी डेटा बाहेर काढून ठेवलेला हवा. म्हणून ज्यात हिशोब आहे त्या प्रोग्रॅमला हात लावण्याआधी हिशोबाची कॉपी वेगळ्या ड्राईव्हवर, याला पर्याय नाही. प्रिंटरचं पॅकेज मी दुपारी धडाधड मागे घेतलं कारण त्यात माझं काही साठलेलं नव्हतं. हिशोबाचं असतं तर टेम्पो एक दिवस हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर पाठवला असता पण घाई केली नसती. आणि लिबसी सिक्स नावाचं जे पॅकेज आहे त्याला तर कधीच खाली आणू नका, सगळी सिस्टम त्यावर उभी असते.

कर्नलचं, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याचं, निराळं आहे, तिथे डाउनग्रेडची गरजच पडत नाही. जुना कर्नल सोबतच बसलेला असतो, चालू करताना येणाऱ्या ग्रब नावाच्या मेन्यूत ॲडव्हान्स्ड पर्यायात जाऊन तो निवडायचा. अपडेटनंतर वायफाय गेलं, स्क्रीन काळी झाली, तर आधी हे करून बघा.

आणि डाउनग्रेड म्हणजे काहीतरी चुकीचं, अडाणीपणाचं काम असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने जाहीर केलं की एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या पॅकेजमध्ये कोणीतरी चोरदरवाजा घातलाय, ५.६.० आणि ५.६.१ या दोन व्हर्जनमध्ये. डेबियनच्या स्टेबल या पक्क्या आवृत्तीत ती आलीच नव्हती, पण टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या आवृत्त्या वापरणाऱ्यांकडे पोचली होती. मग सगळ्यांना मागे न्यायचं कसं, लाखभर लोकांना कमांड शिकवत बसणार का? डेबियनने जुनं ५.४.५ घेतलं आणि त्याला व्हर्जनचं नाव दिलं ५.६.१ अधिक रिअली ५.४.५. पॅकेज मॅनेजरला वाटतं आकडा वाढला, तो आनंदाने अपग्रेड करतो, आणि आत येतं जुनं. ही पद्धत डेबियनमध्ये आधीपासून आहे. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, की एवढ्या मोठ्या लोकांनाही वेळ आल्यावर कालचंच परत घालावं लागतं. पण यातली दुसरी बाजूही बघा, जुन्यात सुरक्षेची भोकं असू शकतात, म्हणून मागे येण्याआधी ॲप्ट चेंजलॉग, म्हणजे काय काय बदललं त्याची नोंद, वाचा. आमच्या पॅकेजच्या नव्या व्हर्जनमध्ये सुरक्षेचं काही नव्हतं, ते बघूनच मी दोन महिने होल्ड ठेवायचं धाडस केलं. सुरक्षेचे अपडेट आपोआप येणं आम्ही सीझनमध्येही बंद करत नाही. बाकीचे गुढीपाडव्यानंतर थांबवतो आणि आंबा संपल्यावर घेतो.

टाइमशिफ्टही त्यानंतर बसवलं. अपडेटआधी एक स्नॅपशॉट, बिघडलं तर अख्खी सिस्टम मागे. घरच्या फाईली तो आपणहून धरत नाही, ते बरंच आहे, नाहीतर सिस्टम मागे नेताना आजचा हिशोबही मागे गेला असता. पेन ड्राईव्ह मात्र लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो, बाजारातून आणलेला तसाच चालत नाही. आमच्या जुन्या डिस्कवर पहिला स्नॅपशॉट व्हायला जेवण करून येईपर्यंत वेळ लागला, नंतरचे पटकन होतात. एका पॅकेजसाठी टाइमशिफ्ट वापरू नये असं माझं मत, पण काय बिघडलंय तेच कळत नसेल तेव्हा हाच आधार.

ॲप्टला मी पाचपैकी साडेतीन देतो. लॉग आणि पॉलिसी यांना पूर्ण मार्क, विचारून काम करण्याच्या सवयीला पूर्ण मार्क. एक मार्क अनडू नसल्याबद्दल कापला आणि अर्धा त्या होल्डच्या दिशाभूल करणाऱ्या मेसेजबद्दल. फाईली पुसण्याबद्दलही कापणार होतो, पण एका ओळीच्या सेटिंगने ते सुटतं म्हणून सोडून दिलं. स्वतः वापरायला मी ॲप्टच ठेवणार, कारण इथे अडलं तर विचारायला चार माणसं मिळतात ती उबुंटूवालीच.

पंधरा जूनला पाऊस धरून होता, शेड रिकामी, गवत एका कोपऱ्यात लावलेलं. पॉलिसी बघितली तर नवीन व्हर्जन आलं होतं, चेंजलॉगमध्ये कोऱ्या पानांचा उल्लेख दुरुस्त केलं म्हणून होता. एप्रिलच्या तिन्ही डेब फाईली पेन ड्राईव्हवर आहेत ना ते आधी तपासलं, मग अनहोल्ड केलं, अपग्रेड केलं, आणि उरलेल्या रोलवर पाच डझनचं एक लेबल काढलं. स्वच्छ आलं. काकांनी ते घेऊन कोकमाच्या बरणीवर लावलं.